येनाचा पाला

सोमाजी आरमोरीच्या बाजाराला गेला, तेवढ्यात लटारूने त्याच्या येनाच्या झाडांवरच्या कोसा रेशमाच्या निम्म्या अळ्या डहाळ्यांसकट कापल्या आणि शेजारच्या आपल्या झाडांवर नेऊन बांधल्या.

संध्याकाळी सोमाजी जाब विचारायला गेला.

"अळीवर का तुह्यं नाव लिवलं हाये?" लटारू हसला. "ज्याच्या झाडावर अळी, त्याचा कोसा."

सोमाजी भांडला नाही. सकाळी उरलेल्या अळ्याही टोपलीत भरून त्याने लटारूपुढे ठेवल्या. "मंग ह्या काऊन ठेवल्या? ह्या बी ने."

लटारूने त्या खुशीने झाडांवर चढवल्या. गावाने सोमाजीला येड्यात काढलं.

झाडं तेवढीच होती, पण लटारूच्या स्वतःच्या अळ्या धरून खाणारी तोंडं दुप्पट झाली. आठवडाभरात लटारूच्या झाडांचे खराटे झाले. उपाशी अळ्या खोडावरून खाली उतरून मरू लागल्या. शेजारी सोमाजीची झाडं पाल्याने भरली होती.

लटारू टोपली घेऊन धावत आला. "सोमाभाऊ, ऐन कोसा बांधायच्या वक्ताले मरून राह्यल्या रे. तुह्या झाडावर सोडू दे."

"सोड ना भाऊ, सगळ्या सोड," सोमाजी म्हणाला. "ज्याच्या झाडावर अळी, त्याचा कोसा."