साडेआठचा पाऊस

आठ वाजून वीस मिनिटांनी तिला जाग आली, तेव्हा तिनं आधी शेजारी हात फिरवून पाहिला. नवरा जागेवर होता. पांघरूण नाकापर्यंत, घोरणं एका लयीत. तिचा विश्वासच बसेना.

चौतीस वर्षं तो वेधशाळेत पाऊस मोजायच्या नोकरीत होता. रोज सकाळी साडेआठला आवारातल्या पर्जन्यमापकाशी जायचं, चोवीस तासांचा आकडा घ्यायचा, वहीत लिहायचा. घरात लग्न असो की मयत, आकडा चुकायचा नाही. त्यामुळे पावसाळ्यात दोघांनी गाव म्हणून सोडलं नव्हतं. मे महिन्यात तो निवृत्त झाला आणि जुलैत तिनं त्याला ओढत या डोंगरावर आणलं. एकच अट घातली. "चार दिवस मोजायचं नाही. वही नाही, पट्टी नाही. पडतोय तर पडू दे मेल्याला."

तो हो म्हणाला होता. त्याच्या हो म्हणण्यात किती दम असतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

चौदा खोल्यांच्या हॉटेलात ही दोघंच होती. गावातली दुकानं ताडपत्र्या बांधून बसलेली. खोलीत खिडकीतून ढग यायचा आणि घरच्यासारखा मुक्काम ठोकायचा. काल वाळत घातलेला टॉवेल आज कालच्यापेक्षा ओला होता. तिला हे सगळं भलतंच आवडलं होतं.

ती व्हरांड्यात आली आणि थबकली. बागेच्या मधोमध एक पत्र्याचा डबा उभा होता. सरळ भिंतींचा, वरचं तोंड कापलेला. झाडांपासून लांब, पागोळ्यांपासून लांब, बरोब्बर उघड्यावर. ऐऱ्यागैऱ्याला अशी जागा सापडत नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणून एवढी शांत झोप लागली होय! आता साडेआठच्या ठोक्याला हळूच उठेल, 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणेल आणि डब्यात डोकावून येईल. चौतीस वर्षांनी चार दिवस मागितले, तेही याला देववले नाहीत.

छत्री न घेताच ती पावसात उतरली. डब्याला लाथ मारायची म्हणून पाय उचलला. मग पाय खाली ठेवला, वाकली, आणि तर्जनी तळाला टेकेपर्यंत पाण्यात बुडवली. दोन पेरं पूर्ण. वर अर्ध्या पेराला थोडं कमी.

"अहो मावशी, भिजताय कशाला?" स्वयंपाकघराच्या दारातून मॅनेजर ओरडला. त्याच्या हातात चहाची किटली होती.

"हा डबा इथं कुणी ठेवला?"

"मीच. सहा नंबरची खोली गळते, तिथला आहे. काल सकाळी तुम्ही आलात ना, तेव्हाच इथं आणून रिकामा केला. पालथा घालायचा राहिला." तो थोडा पुढं आला. "काही पडलंय का त्यात तुमचं?"

तिचं बोट अजून पाण्यातच होतं.

नोकरी नवऱ्याची होती, हे खरं. पण एका वर्षी तो तापानं फणफणला होता, तेव्हा आकडा तिनं घेतला. मग त्याचा गुडघा धरला. मग दमा लागला, आणि शेवटचे सहा पावसाळे रोज तीच गेली. घर वेधशाळेच्याच आवारात; तो खिडकीशी वही उघडून बसायचा, ती आवारातून आकडा ओरडायची, तो लिहायचा. खाली सही त्याची. पेरावरून अंदाज घ्यायची खोड तेव्हाच लागली. पेर आणि पट्टी यांत कधी दोन-तीन मिलिमीटरच्या वर फरक पडला नव्हता.

"काय गं?" नवरा पांघरूण अंगाभोवती घेऊन व्हरांड्यात आला होता. डोळे अर्धवट मिटलेले.

"काही नाही. डबा होता."

त्यानं डब्याकडे पाहिलं, तिच्या बोटाकडे पाहिलं, तिच्या निथळणाऱ्या केसांकडे पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला. हसता हसता त्याला खोकला आला.

"अगं, माझी नोकरी संपली मे महिन्यात!"

"तुम्हाला समारंभ करून सांगितलं," ती म्हणाली. "मोठे साहेब आले, शाल दिली, भाषण झालं. मला कुणी सांगितलंय संपली म्हणून?"

तिला हे गमतीनं म्हणायचं होतं. पण आवाज गमतीचा निघाला नाही, हे तिघांनाही कळलं. मॅनेजर किटली घेऊन मुकाट आत गेला.

नवरा पायरीच्या टोकाशी आला. पांघरूण खांद्यावर नीट घेतलं, ताठ झाला आणि मोठ्या साहेबांसारखा घसा खाकरला.

"बाई," तो म्हणाला. जन्मात त्यानं तिला अशी हाक मारली नव्हती. "तुमच्यासारखं अचूक काम आमच्या वेधशाळेत कुणी केलं नाही." पुढचं तो हळूच बोलला. "उद्यापासून यायची गरज नाही."

तिला हुंदका फुटला. पावसात उभं राहून ती पोटभर रडली, आणि तो पायरीवर तसाच ताठ उभा राहिला. मग तिनं पदराच्या ओल्या टोकानं डोळे पुसले.

"उद्यापासून ना?" ती म्हणाली. "मग आजचा लिहून घ्या. एकसष्ट."