चार वर्षांचा टोप

"हा केसांचा टोप सहा महिने टिकतो," दुकानदारानं एक टोप शालनसमोर ठेवला. "आणि हा अस्सल केसांचा. नीट वापरलात तर चार वर्षं काळजी नको."

शालननं केमोनं उघड्या पडलेल्या डोक्यावरचा रुमाल घट्ट धरला आणि नवऱ्याकडे बघितलं. काल डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवून त्याला एकट्यालाच आत थांबवलं होतं. बाहेर येऊन तो "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणाला होता. आता मात्र खरं काय ते कळणार होतं. वाया जाईल अशी वस्तू हा माणूस जन्मात विकत घ्यायचा नाही.

त्यानं दोन्ही टोप हातात घेऊन पाहिले.

"चार वर्षांचा द्या."

तिचा जीव भांड्यात पडला. चार वर्षं! म्हणजे धाकटीचं लग्नसुद्धा बघायला मिळणार.

"अठरा हजार," दुकानदार म्हणाला.

नवऱ्यानं मुकाट्यानं नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी हुज्जत घालणारा, तिच्या मंगळसूत्राच्या घडणावळीतसुद्धा शंभर रुपये कमी करून घेतलेला माणूस!

शालननं पटकन त्या नोटांवर हात ठेवला. तिनं त्याची बाही ओढली.

"अहो," ती कसंबसं म्हणाली, "थोडं कमी करायला सांगा ना त्यांना."

तो मान वर करेना.