बरी झालेली नळी

"साहेब, ही नळी तर पॉझिटिव्ह यायलाच पायजे होती," अंबरीन म्हणाली.

प्रयोगशाळेचे प्रमुख सोमेश्वर साहेबांनी रिपोर्टचा कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, आणि खुश झाले. "न्हाई आली ना? मंग ती पण बरी झाली असंल."

अंबरीननं कपाळावर हात मारून घेतला नाही, कारण हातात रक्त लागलेला हातमोजा होता. जाफराबादच्या त्या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं हिवतापाचं रक्त तपासत होती. जंतूचा डीएनए हुडकणारं नवं मशीन आलं, तेव्हा त्याचं ट्रेनिंगही तिलाच मिळालं. मशीन खरंच गुणी होतं. सूक्ष्मदर्शकाला हुलकावणी देणारे मोजके जंतूही ते पकडायचं. फक्त दर खेपेला एका नळीत मुद्दाम हिवतापाच्या जंतूचा डीएनए घालून ठेवायचा. ती नळी पॉझिटिव्ह आली, की मशीन शुद्धीवर आहे असं समजायचं. आज ती निगेटिव्ह होती, आणि लोकांच्या नव्वद नळ्याही निगेटिव्ह. म्हणजे मशीनला काही दिसतच नव्हतं.

कारण शोधायला कुठं लांब जायला नको होतं. मशीनच्या उद्घाटनाचे हार जुन्या जालन्याहून आदल्या दिवशीच आले होते. ते कोमेजू नयेत म्हणून साहेबांनी मशीनच्या रसायनांचा डबा फ्रीझरमधून काढायला लावला आणि तिथं हार ठेवले. सोबत राजूरच्या पेढ्यांचे दोन खोके. रसायनांचा डबा बसला खिडकीत, मे महिन्याच्या उन्हात, दोन दिवस. हार गोठून लाकडं झाले. पाहुण्यांनी तेच गळ्यात घालून विज्ञानावर भाषणं ठोकली. पेढे मात्र अव्वल राहिले.

अंबरीन तेव्हा ट्रेनिंगला गेल्ती. परत आल्यावर तिनं सांगितलं, डबा वाया गेला, नवा मागवा. साहेब म्हणाले, "त्यात काय भाजीपाला हाय का?"

आता साहेबांनी झोकात अहवाल लिहिला: रुग्णसंख्या शून्य. परिपत्रक तर त्यांनी आधीच काढलं होतं. जुना सूक्ष्मदर्शक कपाटात ठेवायचा, आणि मशीनचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असल्याशिवाय कुणालाही हिवतापाची गोळी द्यायची नाही. सोमवारी जालन्यात त्या शून्याचा सत्कार होता.

बाहेर व्हरांड्यात दुर्गाबाई भिंतीला टेकून बसली होती. प्रयोगशाळा झाडायचं काम तिचं. दोन आठवडे तिला दिवसाआड हुडहुडी भरत होती, आणि ताप उतरला की ती उठून पुन्हा झाडू हातात घ्यायची. तिचाही रिपोर्ट आला होता.

"माय, मशीन म्हणतंय मला काई न्हाई," ती अंबरीनला म्हणाली. "मंग हे अंग कशानं कापून राह्यलं?"

अंबरीनला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला. तिनं कपाट उघडलं आणि सूक्ष्मदर्शक बाहेर काढला. दुर्गाबाईच्या बोटातलं रक्त काचेवर घेतलं, रंगवलं, वाळवलं, भिंगाखाली धरलं. जंतू अंगठीसारखे गोल होऊन आरामात बसले होते. त्यांना परिपत्रक पोचलं नसावं.

काच घेऊन ती साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं. साहेबांनी एसी बंद केला होता, खिडक्या लावल्या होत्या आणि गळ्याला मफलर गुंडाळला होता. तरी हातातला पेन थरथरत होता.

"परवा पण असंच झाल्तं ना, साहेब?"

"एसीची थंडी बाधली."

"बोट द्या."

"कशाला? माझा रिपोर्ट निगेटिव्ह हाय." ते खरं होतं. उद्घाटनाला फोटोसाठी पहिलं बोट साहेबांनीच पुढं केलं होतं. एक नंबरची नळी त्यांची.

"मशीन बराबर हाय म्हणता, मंग घाबरता कशाला?" अंबरीन म्हणाली.

साहेबांनी पेन खाली ठेवला. त्यांनी बोट दिलं.

अर्ध्या तासानं अंबरीननं दोन्ही काचा आळीपाळीनं भिंगाखाली ठेवल्या आणि साहेबांना बघायला लावलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"दोन्ही सारख्याच दिसून राहिल्यात. कुणाच्या?"

"एक दुर्गामावशीची. एक तुमची."

साहेब खुर्चीत बसले. "गोळ्या काढा," ते हळूच म्हणाले.

"कशा काढू? परिपत्रक तुमचंच हाय. रिपोर्टात तुम्ही दोघंबी ठणठणीत."

साहेबांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला. मग शून्याचा अहवाल फाडून टोपलीत टाकला. मशीन उन्हानं बिघडलं असं लिहून नवीन रसायनं मागवली. सगळे नमुने पुन्हा तपासायचा आणि तोवर काच बघून औषध द्यायचा हुकूमही काढला. हारांचा उल्लेख कुठं आला नाही. अंबरीनला तेवढंही पुरेसं वाटलं. मावशीला गोळ्या मिळणार होत्या, आणि आपण उगाच या माणसाला नावं ठेवली असंही क्षणभर तिच्या मनात आलं.

मग साहेबांनी औषधाचं रजिस्टर पुढं ओढलं आणि स्वतःच नोंद केली. रुग्ण एक, दुर्गाबाई. गोळ्या दोघांच्या.