नागरिकांचे स्वागत आहे

तो माणूस टेबलापुढे येऊन थांबला, तेव्हा वामनरावांची नजर आधी त्याच्या पायांकडे गेली. धोतर मळकं, बंडीला ठिगळ, आणि पायात चकचकीत काळे बूट.

हातातला पेपर त्यांनी घाईघाईने टेबलाखाली सरकवला.

नगर कचेरीत हे चौकशीचं टेबल बहात्तरच्या एप्रिलात आलं. मागे ‘नागरिकांचे स्वागत आहे’ अशी पाटी, बाजूला बाक आणि पाण्याचा माठ. टेबलामागे वामनराव. नोकरी अजून कच्चीच. कायम झाल्याचा हुकूम महिनाअखेर निघायचा होता. तोवर स्वागत पाटी करायची आणि वामनराव पेपर वाचायचे.

पण परवाच फाटकाशी बसणाऱ्या धोंडबा फुटाणेवाल्याने त्यांना हळूच सांगितलं होतं, "जपून राहा भाऊ. नवे साहेब वेष बदलून फिरून राहिले म्हणते. धोतर नेसते, पण बुटाबिगर चालताच येत नाही त्यायले."

"या, बसा. पाणी घ्या आधी." वामनराव स्वतः उठले. "काय काम काढलं?"

"पोरीच्या जन्माचा दाखला पाहिजे. रुपराव नाव माहं, गांधीबागेमागं राहतो. उद्या शाळेत द्या लागते."

चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. पेपरातल्या फोटोतच पाहिला असणार. वामनरावांची खात्रीच पटली.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. कुठल्या खोलीत काय होतं, किती दिवस लागतात, सगळं समजावलं, आणि बरोबरही गेले. रुपराव जरा अडखळत चालत होते. साहेबांना पायी फिरायची सवय कुठली असायला. तासाभरात शिक्क्याचा दाखला हातात पडला.

"गरिबाचं काम असंच झालं पाहिजे," रुपराव म्हणाले. "नाव काय तुमचं?"

वामनरावांनी नाव दोनदा सांगितलं.

साहेब गेले तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. आता हुकूम कोण अडवतो? बऱ्याच दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं, आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

फाटकाशी रुपराव धोंडबाच्या टोपलीजवळ टेकले होते. त्यांनी बूट काढले, आत कोंबलेल्या चिंध्या झटकल्या.

"तीन खेपा हात हलवत गेलो गा. आज भेटला दाखला."

धोंडबाने बूट फडक्याने पुसले आणि शेजारी अर्ज घेऊन बसलेल्या माणसापुढे ठेवले.

"घाल गा मारोतराव. आता तुहा नंबर."