एकदाचा चालला!

लेकीचं काम चोराचं होतं, पण पगारी. संगणकाच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलच्या, राखीव मेमरीत कुणाला शिरता येतं का, हे तपासायला ती मुद्दाम घुसखोर प्रोग्राम लिहायची. कर्नलने तो जागच्या जागी मारला, की तिची चाचणी पास.

"मेला का गं आजचा?" दार उघडता उघडता आई विचारायची.

"मेला! एका फटक्यात!" लेक हसत सांगायची.

आईला वाटायचं, एवढं शिकून पोरीचा एक प्रोग्राम धड चालू नये, आणि वर हिला हसू सुटावं! पण पोरीचं मन कशाला दुखवा, म्हणून ती चहा टाकायला वळायची.

त्या संध्याकाळी मात्र लेक रडवेली होऊन आली. ग्राहकाकडे निघालेली सिस्टीम तिने ऐनवेळी अडवली होती आणि साहेब सगळ्यांदेखत तिच्यावर उखडले होते.

"आई, आजचा नाही मेला गं. सरळ आत शिरला आणि शेवटपर्यंत चालला."

 

आईने तिला छातीशी धरलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक दिली, "अहो, ऐकलंत का? चालला हो आपल्या पोरीचा प्रोग्राम एकदाचा!"