शक्यता नगण्य

“शक्यता एक,” साहेब म्हणाले, आणि पडद्यावरचा लाल चौकोन हिरवा झाला.

खोलीतल्या सगळ्यांनाच हायसं वाटलं. ॲप सोमवारपासून शहरातल्या बाकीच्या शाळांमध्ये जायचं होतं. त्याआधी त्याच्यावर काय काय संकटं येऊ शकतात, हे एकत्र बसून ठरवायचा रिवाज होता. ऑफिसात त्याला थ्रेट मॉडेलिंग म्हणत. हिशेब सोपा होता. संकट येण्याची शक्यता एक ते पाच, ते आलंच तर होणारं नुकसान एक ते पाच, आणि दोन्हींचा गुणाकार. गुणाकार मोठा आला की चौकोन लाल व्हायचा, आणि चौकोन लाल झाला की काम वाढायचं. नुकसान कमी करणं कोणाच्याच हातात नव्हतं. शक्यता मात्र साहेबांच्या हातात होती.

शाळा सुटताना मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं, ते हे ॲप ठरवायचं. पालकांच्या मोबाईलवर कोड यायचा, तो गेटवर दाखवायचा, मूल घेऊन जायचं. मोबाईल जवळ नसेल तर गेटवरच्या मावशी तीन प्रश्न विचारणार: मुलाची जन्मतारीख, वर्ग आणि तुकडी, आईचा मोबाईल नंबर. उत्तरं बरोबर आली की मूल तुमचं.

नेमका इथेच ॲप तपासणाऱ्या मुलीनं खोडा घातला. ऑफिसात तिला शंकासुर म्हणत. तिचं म्हणणं, ही उत्तरं शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही माहीत असतात, वाढदिवसाचे फोटो तर आईबाप स्वतःच जगाला दाखवत सुटतात. उद्या कोणी भलताच माणूस मूल घेऊन गेला तर? तसं झालं तर नुकसान पाच, यावर कोणाचं दुमत नव्हतं. साहेब स्वतः एका मुलीचे बाप होते, त्यांनी तर तो पाच मोठ्या उदार मनानं लिहायला सांगितला. पण शंकासुर शक्यताही चार धरून बसली होती.

साहेब कौतुकानं हसले. “बापाला जे माहीत असतं, ते परक्याला कुठून माहीत असणार?”

एवढ्यात बिस्किटं आली आणि प्रश्न मिटला.

बैठक चालू असताना बायकोचा फोन येऊन गेला होता. ती कामात अडकली होती. आज मुलीला शाळेतून तू आण, असं तिनं सांगितलं होतं, आणि साहेब “बघतो” म्हणाले होते. एरवी तो विषय तिथेच संपला असता. पण आज चौकोन हिरवा झाला होता, मन प्रसन्न होतं. मुलीच्या शाळेत हे ॲप आधीपासून चालू होतं. आपली करामत स्वतःच्या डोळ्यांनी बघू, म्हणून साहेब चक्क उठले आणि निघाले. शाळेचा रस्ता त्यांना मोबाईलनं दाखवला. दाखवता दाखवता त्यानं मान टाकली.

गेटवरची गर्दी पांगत आली होती. साहेबांनी मुलीचं नाव सांगितलं. मावशींनी हातातल्या टॅबवर बोट फिरवलं.

“ती गेली की मघाशीच. बाबा घेऊन गेले.”

बाबा मी आहे, असं साहेब म्हणाले. असं म्हणणारे मावशींनी बरेच पाहिले असावेत. त्यांनी शांतपणे कोड मागितला, आणि बंद मोबाईल बघून प्रश्नांवर आल्या. साहेबांनी दुसरी सांगितली. मुलगी तिसरीत होती. तुकडी त्यांनी अंदाजानं सांगितली. जन्माचा दिवस आणि महिना जमला, वर्ष बोटांवर मोजूनही चुकलं. बायकोचा नंबर बायकोच्या नावानं मोबाईलमध्ये होता, आणि मोबाईल खिशात मरून पडला होता.

मावशींनी वॉचमनला हाक मारली. मघाच्या बाबांनी तिन्ही उत्तरं घडाघडा दिली होती, असं त्या वॉचमनला म्हणाल्या. मुलगीही हसत हसत गेली होती.

तो माणूस कसा दिसत होता, कुठल्या बाजूला गेला, गाडी होती का, असं साहेब एकामागून एक विचारत सुटले. वॉचमन त्यांचा दंड धरून उभा होता, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ज्याची शक्यता एक होती, ते घडून गेलं होतं. आणि पाच म्हणजे किती, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळत होतं. तिच्या आईला फोन लावा, असं ते म्हणाले. मग हात जोडून पुन्हा तेच म्हणाले.

मावशींनी त्यांच्यावरची नजर न हलवता नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

पलीकडून बायकोचा आवाज आला. हो, मुलगी पोचली घरी, आत्ताच दूध प्यायली. तिला तिच्या मामानं आणलं, त्याचाच आत्ता फोन आला होता. बाप आहे असं सांग, असं बायकोनंच भावाला शिकवलं होतं, नाहीतर शाळा मूल देत नाही ना. तिच्या बाबांना सांगितलं होतं, पण ते “बघतो” म्हणाले, म्हणून मग भावाला पाठवलं.

साहेबांनी गेटचे गज धरले. डोळ्यांत पाणी आलं, आणि बोलायला गेले तर नुसता हुंदकाच बाहेर पडला.

“बाई, मग इथे एक जण आलेत,” मावशी म्हणाल्या. “म्हणतात, मीच बाप. पण एक उत्तर धड येत नाही.”

बायकोचा आवाज एकदम खाली आला.

“तिचे बाबा शाळेत यायची काही शक्यताच नाही. त्या माणसाला तिथेच धरून ठेवा, मी पोलिसांना कळवते.”