तीन वर्षांची सवलत

मोबाइलवरचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दोन तास, शून्य मिनिटं, शून्य सेकंद. घड्याळजीने हातातलं स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं आणि स्वतःशीच हसला. सकाळपासूनची ही तिसरी खेप. ‘सवलत संपायला फक्त दोन तास’ असं जाहिरातीचं ते पान ओरडून सांगत होतं, आणि पान बंद करून उघडलं की दोन तास परत जसेच्या तसे. चाळीस वर्षं त्याने लोकांची बिघडलेली घड्याळं उघडली होती. इतकं निर्लज्ज घड्याळ दुकानात कधी आलं नव्हतं.

दुकानाची वेबसाइट काढायची तर ती ठेवायला इंटरनेटवर जागा भाड्याने घ्यावी लागते, तिला होस्टिंग म्हणतात, एवढं त्याला शेजारच्या चष्मेवाल्याने समजावलं होतं. जागा एक वर्षाची घ्या नाहीतर तीन वर्षांची. घसघशीत सवलत होती ती तीन वर्षांवर.

खरं तर त्याच्या एकट्यासाठी एक वर्ष भरपूर होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, बारीक काम फार तर अजून वर्षभर. पण मुलगा परत येणार होता. तो आला की दुकान त्याचं. म्हणून तीन वर्षं. कामाच्या टेबलापाशी त्याच्यासाठी दुसरी खुर्ची सहा वर्षं रिकामी ठेवलेली होती. घड्याळजी ती रोज पुसायचा. एखादं गिऱ्हाईक तिच्यावर टेकायला गेलं, तर लगबगीने स्वतःचं स्टूल पुढे करायचा.

बायको गेल्यापासून दिवसभरात त्याच्याशी धड चार वाक्यं कुणी बोलत नसे. भिंतीवर चौदा घड्याळं टिकटिकत असायची, पण त्यातलं एकही ‘जेवलात का’ म्हणून विचारत नव्हतं.

त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि पानाच्या तळाची मुंगीएवढी अक्षरं वाचून काढली. पहिली मुदत संपली की भाडं चौपट. वर ठळक अक्षरात ‘अमर्याद जागा’, आणि खाली तिला मर्यादा घालणाऱ्या अकरा अटी. यात काहीतरी पाणी मुरतंय हे कळायला कॉम्प्युटर यायची गरज नव्हती. तरीही त्याने मुलाला फोन लावला. फोन करायला आज निदान कारण तरी होतं.

“बोला बाबा, पटकन. मीटिंगला जायचंय.”

घड्याळजीने सगळं वाचून दाखवलं. स्टॉपवॉचचा किस्सा सांगितला, तेव्हा मुलगा खदखदून हसला. किती दिवसांनी त्याचं हसू ऐकलं! घड्याळजीने फोन कानाला आणखी घट्ट धरला.

“बरोबर पकडलंत तुम्ही,” मुलगा म्हणाला. “अहो, सवलत खरंच संपणार असेल तर ते सरळ तारीख लिहितात. आता संपेल, मग संपेल, असं नुसतं चाललं असेल तर तिकडे बघायचंसुद्धा नाही. ज्याला तारीख नाही ते खरं नाही, एवढं धरून चाला.”

“हं,” घड्याळजी म्हणाला. त्याला काही विचारायचं नव्हतं. पण तोंडून निघून गेलं, “मग तू कधी येतोस?”

“येतोय की! हे एवढं प्रोजेक्ट हातावेगळं झालं की लगेच.”

“तारीख सांग.”

हे प्रोजेक्ट सहा वर्षांतलं कितवं, ते घड्याळजीने कधी मोजलं नव्हतं. सेकंदाच्या काट्यातली चूक पकडणारा माणूस, पण हे मोजायची त्याला भीती वाटत आली होती. मीटिंगची आठवण करून देऊन विषय मिटवावा, असं त्याच्या मनात आलं. पण त्याने फोन तसाच कानाला धरून ठेवला.

“बाबा,” मुलगा शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजातली घाई गेली होती. “तारीख नाहीये.”

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं. मुलाचा राग येईल असं त्याला वाटलं होतं, तो आला नाही. फोन चालू होता, आणि मुलगा मीटिंगला जायचं विसरून थांबला होता.

“बरं,” घड्याळजी म्हणाला, “मग एक वर्षाचीच घेतो. माझ्यापुरती पुरेल.”